तालमूदमधील सुंता आणि रक्तस्रावाचा नियम

एखाद्या आईची दोन मुले सुंतेमुळे दगावली असतील, तर तिच्या तिसऱ्या मुलाची सुंता करू नये, असा यहुदी धर्मशास्त्रातील नियम. तो बाबिलोनी तालमूदच्या (यहुदी धर्मगुरूंच्या, म्हणजे रब्बींच्या, चर्चांच्या संग्रहाच्या) ‘येवामोत’ या ग्रंथात (पान ६४, मागची बाजू) येतो. आनुवंशिक रक्तस्रावी विकाराच्या, बहुधा हिमोफिलियाच्या, सर्वांत जुन्या लेखी नोंदींमध्ये त्याची गणना होते.

मुलाची सुंता आठव्या दिवशी करावी, ही तोराची, म्हणजे यहुद्यांच्या मूळ धर्मग्रंथाची, आज्ञा (लेवीय १२:३). ती शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या सक्तीच्या विश्रांतीदिवशीही, टळत नाही. कोकणातील बेने इस्रायल समाजानेही ती कसोशीने जपली. त्यामुळे सूट द्यायची तर सबळ पुरावा हवा. रब्बी येहुदा हनासी यांना दोन मृत्यू पुरेसे वाटले. त्यांचे वडील रब्बान शिमोन बेन गमलिएल तीन मागत. गुरे शिंगावर घेणाऱ्या बैलाच्या बाबतीत तालमूदने तीनचा दंडक ठेवला (तीनदा मारल्यावरच तो मारका ठरतो), पण सुंतेच्या बाबतीत दोनचा स्वीकारला.

याच चर्चेत गालीलातील सिप्पोरी या शहरातील चार बहिणींची हकिकत आहे. तिघींची मुले सुंतेनंतर एकामागून एक गेली. चौथी विचारायला आली तेव्हा शिमोन बेन गमलिएल यांनी तिला मनाई केली. म्हणजे धोका मावशीच्या मुलांवरून ओळखला गेला. काही घराण्यांचे रक्त ‘सैल’ असते, काहींचे ‘घट्ट’, असेही तिथे म्हटले आहे. १२व्या शतकात यहुदी धर्मशास्त्री आणि वैद्य मैमोनिदीस यांनी मुले एका नवऱ्याची असोत की दोन नवऱ्यांची, नियम तोच, असे स्पष्ट केले. हिमोफिलियाचा दोष एक्स गुणसूत्रावर असतो, मुलग्याला ते आईकडूनच मिळते आणि वाहक आईच्या प्रत्येक मुलग्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते, हे पाहता आईकडून माग काढणे अचूकच होते. मात्र एकाच पित्याच्या, वेगवेगळ्या बायकांपासून झालेल्या मुलांनाही नियम लावावा का, यावर पुढे मतभेद झाले. कारणाची उकल कोणालाच झाली नव्हती.

तालमूदचा गाभा असलेल्या मिश्ना या नियमसंग्रहाप्रमाणे (शब्बाथ १९:२) विधीचे टप्पे असे: त्वचा कापणे, आतील पातळ पापुद्रा फाडून मागे सारणे, रक्त शोषणे, मग पट्टी आणि कुटलेले जिरे लावणे. जिरे आदल्या दिवशी कुटून ठेवायचे राहिले, तर शब्बाथला दाताने चावून लावावे. रक्त न शोषणाऱ्याला कामावरून काढावे, असे रब्बी पापा म्हणत. तोंडाने शोषल्यास नवजात बाळाला नागिणीच्या जातीच्या हर्पीस विषाणूचा जीवघेणा संसर्ग होऊ शकतो. म्हणून आज अनेक ठिकाणी काचेची नळी वापरतात.

तालमूदमधील रब्बी नाथान यांनी लालबुंद किंवा पिवळट-हिरव्या दिसणाऱ्या बाळांची सुंता लांबवायला सांगितले, त्यालाही काही लेखक हिमोफिलियाच म्हणतात. ते पटत नाही: या विकाराने कातडीचा रंग असा बदलत नाही आणि ती बाळे नंतरच्या सुंतेत वाचली. आठव्या दिवशी रक्त गोठण्याची क्षमता सर्वाधिक असते, हा लोकप्रिय दावाही कच्चा आहे. रक्त गोठवणारे, के जीवनसत्त्वावर अवलंबून असणारे घटक प्रौढांच्या पातळीला पोहोचायला कित्येक महिने घेतात, आणि तोरा आठव्या दिवसाचे वैद्यकीय कारण देतच नाही.

मैमोनिदीस यांनी तिसरा मुलगा मोठा होऊन बळकट होईपर्यंत थांबायला सांगितले. अशक्त बाळाला हे लागू पडते. तीव्र हिमोफिलिया मात्र वयाने ओसरत नाही. आता अशा मुलाची सुंता करायचीच असेल, तर रक्तविकारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली आधी रक्त गोठवणारा उणा असलेला घटक (आठवा किंवा नववा) शिरेतून देतात आणि जखम भरेपर्यंत गरजेनुसार चालू ठेवतात.