दारूगोळा खरेदीची वयोमर्यादा

अग्निशस्त्राची काडतुसे किंवा इतर दारूगोळा विकत घेणाऱ्याने पूर्ण केलेले असावे असे किमान वय, आणि ते पाळले जाते की नाही हे पाहण्याची रीत, यांचा विचार या नोंदीत केला आहे. भारतात ही मर्यादा २१ वर्षे असून ती शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ९ मध्ये सांगितली आहे. ठाणे व नवी मुंबई परिसरात वेगळा स्थानिक नियम नाही. मात्र परवाना कोणाकडून घ्यायचा, याची उत्तरे या परिसरात गावागणिक बदलतात.

अधिनियमातील दारूगोळ्याची व्याख्या बोलीतल्या अर्थापेक्षा बरीच व्यापक आहे. तीत तयार काडतुसांबरोबर बाराचे भरण (म्हणजे बंदुकीत भरायची दारू) व त्याचे साहित्यही येते. त्यामुळे मुरबाड-शहापूरकडे रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी बाळगल्या जाणाऱ्या ठासणीच्या (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायच्या) बंदुकीचा बारही, एकही काडतूस न वापरता, याच कायद्याखाली येतो. पूरक भागांसह वापरण्याचा हेतू नसलेल्या किरकोळ सुट्या भागांना मात्र कलम ४५ ची सूट आहे. ‘काडतूस’ हा शब्द पोर्तुगीज ‘कार्तुशू’वरून आला की फ्रेंच ‘कार्तूश’वरून, हे केवळ उच्चारावरून ठरत नाही. १७३७ पर्यंत ठाणे आणि १७३९ पर्यंत वसई पोर्तुगीजांकडे होती, आणि पगार, चावी, बटाटा हे शब्द त्याच वाटेने मराठीत आले. हे लक्षात घेता पोर्तुगीज व्युत्पत्ती अधिक संभाव्य वाटते.

ब्रिटिश अमदानीतील १८७८ च्या शस्त्र कायद्याचा भर ग्राहकाच्या वयापेक्षा परवान्यावर आणि परवान्यातून सूट कोणाला द्यायची यावर होता. स्वातंत्र्यानंतरचा अधिनियम १९५९ मध्ये संमत झाला व १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याच्या मूळ कलम ९ मध्ये १६ वर्षे ही मर्यादा होती. १९८३ च्या दुरुस्तीने ती २१ वर आणली. या २१ चा उलगडा दोन प्रकारे करता येतो. त्या काळी मतदानाचे वय २१ होते (ते ६१ व्या घटनादुरुस्तीने १८ झाले), १९७८ च्या दुरुस्तीने मुलाच्या विवाहाचे किमान वय २१ ठरले होते, आणि १८७५ च्या सज्ञानता कायद्यानुसार न्यायालयाने पालक नेमलेल्या व्यक्तीचे सज्ञान वयही तेव्हा २१ होते. म्हणजे पूर्ण प्रौढत्वाची प्रचलित कल्पनाच शस्त्र कायद्याने उचलली, असे म्हणता येईल. उलट, मूळची १६ वर्षांची मर्यादा मतदानाच्या वा सज्ञानतेच्या कोणत्याही वयाशी जुळत नव्हती, आणि मतदानाचे वय उतरल्यावरही हे २१ जागचे हलले नाही. म्हणून १९८३ चा बदल नागरिकत्वाच्या वयापेक्षा शस्त्रांवरील एकूण निर्बंध आवळण्याच्या धोरणाचा भाग मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

कलम ९ ची रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे. ‘आधीच्या तरतुदींमध्ये काहीही असले तरी’ अशा अर्थाने त्याची सुरुवात होत असल्यामुळे, हातात परवाना आहे एवढ्याने वयाचा अडसर दूर होत नाही. त्याचा एक भाग ग्राहकाला उद्देशून आहे आणि दुसरा विक्रेत्याला: समोरची व्यक्ती या कलमाखाली अपात्र आहे हे विक्रेत्याला माहीत असेल, किंवा तसे मानण्यास कारण असेल, तर त्याने शस्त्र वा दारूगोळा विकता कामा नये. वय कमी असणे हे अपात्रतेच्या कारणांपैकी केवळ एक आहे. हिंसाचाराच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कारावासाची शिक्षा झालेली व्यक्ती शिक्षा संपल्यानंतर पाच वर्षे अपात्र राहते. शिक्षेच्या तरतुदीत मात्र एक विषमता आहे, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. कलम २५ (१ख) चा खंड (घ) कलम ९ मधील इतर अपात्र व्यक्तींना नावानिशी शिक्षेस पात्र ठरवतो, पण वयाच्या उपखंडाचा त्यात उल्लेख नाही. २१ वर्षांखालील व्यक्तीकडे काडतुसे सापडल्यास ती सामान्यतः विनापरवाना बाळगल्याच्या, म्हणजे कलम ३ च्या भंगाच्या वाटेने गुन्ह्यात येते. विक्रेत्यासाठी अशी पळवाट नाही. त्याने केलेली विक्री पुढच्याच खंडात गुन्हा ठरवली आहे, आणि नोंदवही न ठेवणे हाही त्याच पोटकलमाखालचा स्वतंत्र गुन्हा आहे.

प्रत्यक्षात वयाची खरी तपासणी दुकानात होत नाही. ती परवान्याच्या अर्जाच्या वेळी होते. कलम १४ नुसार अपात्र व्यक्तीला परवाना नाकारणे परवाना प्राधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. ठाणे, कळवा, मुंब्रा, भिवंडी, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील अर्जदारांसाठी हे प्राधिकारी ठाण्याचे पोलिस आयुक्त असतात. ऐरोली ते बेलापूर हा पट्टा नवी मुंबई आयुक्तालयाकडे आहे. खारघर, कामोठे, पनवेल आणि उरण ही रायगड जिल्ह्यातील ठिकाणेही त्याच आयुक्तालयात येतात, त्यामुळे जिल्हा बदलला तरी तेथील अर्जाचे कार्यालय बदलत नाही. मिरा-भाईंदर ठाणे जिल्ह्यात असूनही २०२० पासून वेगळ्या आयुक्तालयात गेले. मुरबाड व शहापूर या ग्रामीण तालुक्यांत अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांचा आहे. अर्जासोबत जन्मतारखेचा पुरावा जोडावा लागतो आणि शस्त्र नियम, २०१६ नुसार सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्रही लागते.

हे टप्पे ओलांडलेला माणूस दुकानात येतो तेव्हा विक्रेता त्याला वय विचारत नाही. तो परवाना मागतो. आधी छायाचित्र आणि चेहरा ताडून पाहिला जातो, मग मुदत व राष्ट्रीय शस्त्र परवाना माहितीकोशातील विशिष्ट ओळख क्रमांक. परवान्यावरील शस्त्राचा बोर (नळीचे माप) आणि मागितलेल्या काडतुसाचा बोर एकच आहे ना, हे पाहिले जाते. त्यानंतर एका वेळी बाळगण्याची व वर्षभरात खरेदीची जी संख्या परवान्यात लिहिलेली असते, तिच्यातून आधीच्या खरेद्या वजा करून शिल्लक काढतात. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची ‘शक्तिमान’ बारा बोर काडतुसे मागितली असतील, तर डबीतून मोजून तेवढीच काउंटरवर ठेवली जातात, परवान्याच्या रकान्यात प्रकार, संख्या व तारीख लिहून सही-शिक्का होतो आणि तीच नोंद दुकानाच्या वहीत उतरते. जन्मतारखेवर नजर गेलीच तर ती ओळख पटवण्यापुरती. ‘मानण्यास कारण असेल’ हे शब्द विक्रेत्याला खरोखर लागू पडतात ते परवान्यावरील खाडाखोड किंवा न जुळणारा चेहरा दिसला तर. बँका, सराफी पेढ्या आणि रोकड वाहतुकीचे रखवालदार यांच्या खरेदीतही मूळ आधार परवानाच असतो.

अमेरिकेत चित्र उलटे आहे. तेथील १९६८ च्या संघीय कायद्यानुसार परवानाधारक विक्रेत्याला पिस्तूल-रिव्हॉल्व्हरचा दारूगोळा २१ वर्षांखालील आणि रायफल वा शॉटगनचा दारूगोळा १८ वर्षांखालील ग्राहकाला विकता येत नाही. ग्राहकाकडे संघीय परवाना नसल्याने वय काउंटरवरच ठरवावे लागते. अडचण येते ती ०.२२ (इंच व्यासाच्या) सारख्या काडतुसाची, कारण ते पिस्तुलात आणि रायफलीतही चालते. अशा वेळी ते रायफलीसाठीच आहे याची विक्रेत्याला खात्री पटली, तर १८ वर्षांच्या ग्राहकाला विकता येते. काही दुकाने कायद्याच्या पुढे जातात; वॉलमार्ट या साखळी दुकानांच्या कंपनीने २०१८ मध्ये सर्वच शस्त्रे व दारूगोळ्यासाठी स्वतःहून २१ वर्षांची अट घातली. ब्रिटनमध्ये खरेदीचे वय १९६८ च्या कायद्यात १७ होते, ते पुढे १८ झाले.

भारतीय कायद्यातील मुख्य अपवाद प्रशिक्षणाचा आहे. कलम ९ (२) नुसार विहित वय गाठलेली व्यक्ती विहित अटींवर, प्रशिक्षणादरम्यान अग्निशस्त्र वापरू शकते, आणि शस्त्राच्या प्रकारानुसार हे वय वेगवेगळे ठरवता येते. ही सवलत वापराची आहे, खरेदीची नव्हे. राष्ट्रीय छात्रसेनेच्या सदस्यांना कलम ४५ ची सूट असल्याने ठाण्यातील एखाद्या महाविद्यालयाची सतरा वर्षांची छात्र शिबिरात ०.२२ रायफलीने नेम धरू शकते. तीच मुलगी त्याच रायफलीची काडतुसे दुकानातून घेऊ शकत नाही.

वारसांचा प्रश्न यातूनच उद्भवतो. परवानाधारक वारला आणि वारस एकोणीस वर्षांचा असला, तर कपाटातील बंदूक व उरलेली काडतुसे त्याला घरात ठेवता येत नाहीत. कलम २१ प्रमाणे ती जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागतात आणि विहित मुदतीत परत घेतली नाहीत वा त्यांची विल्हेवाट लावली नाही, तर ती सरकारजमा होऊ शकतात. मुदत आणि वारसाचा एकविसावा वाढदिवस यांचा मेळ बसेलच असे नाही, म्हणून अशा घरांत शस्त्र बहुधा दुसऱ्या पात्र वारसाच्या नावावर केले जाते किंवा विकले जाते.