कोयनेचा तडा आणि कोल्हापूरचे पार्किंग

भूकंप म्हटला की कोल्हापुरातल्या जुन्या माणसांना 11 डिसेंबर 1967 ची पहाट आठवते. केंद्र कोयनानगरजवळ, सरळ रेषेत इथून शंभर किलोमीटरच्या आत. तीव्रता 6.3 च्या आसपास. तिकडे पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली.

तोवर दख्खनचे पठार हलत नाही, हे जवळजवळ गृहीतच होते. 1962 साली निघालेल्या आयएस 1893 या भूकंपविषयक भारतीय मानकाच्या पहिल्या नकाशात कोयनेचा परिसर सर्वांत निर्धोक गटात होता. कोयना धरणाच्या संकल्पनात (डिझाइनमध्ये) भूकंपाचा आडवा जोर वजनाच्या पाच टक्के धरलेला. त्या पहाटे धरणातल्याच यंत्रावर गुरुत्वाच्या निम्म्याहून जास्त त्वरण नोंदले गेले. हे दोन आकडे थेट शेजारी ठेवून चालत नाही, पण अंदाज कुठे चुकला ते त्यातून कळते.

धरण उभे राहिले. तडे मात्र गेले, आणि कुठे गेले हे महत्त्वाचे. 103 मीटर उंचीच्या या धरणाची मागची बाजू वर जवळपास उभी आहे, खाली ती एकदम पसरते. उतार जिथे अचानक बदलतो, नेमके तिथेच उंच भागांना आडवे तडे पडले. ती धरणाची मान होती. पुढे तडे इपॉक्सीने, म्हणजे घट्ट चिकटणाऱ्या रसायनाने, भरले, ताणलेल्या केबल्स घातल्या, मागून काँक्रीटचे टेकू दिले. 1970 च्या नकाशात कोयना चौथ्या झोनमध्ये, म्हणजे जास्त धोक्याच्या गटात, गेली. 2002 च्या नकाशात कोल्हापूर तिसऱ्या झोनमध्ये होते.

1993 च्या किल्लारीने दगडमातीच्या घरांचे दुखणे दाखवले: आतबाहेर दोन थरांची जाड भिंत, ते थर बांधणारे आरपार दगड नाहीत, डोक्यावर माळवदाचा भार. आपल्याकडच्या जुन्या घरांवर बहुतेक कौले, म्हणून छप्पर तरी हलके. भिंतींचे मात्र तसे म्हणता येत नाही.

पण मला काळजी वाटते ती अपार्टमेंटची. खाली नुसते कॉलम आणि गाड्या, वर विटांच्या भिंतींनी भरलेले मजले. धरणाच्या मानेसारखा इथेही ताठपणा एकदम बदलतो, हादऱ्याचा सगळा वाकवा तळमजल्याचे कॉलम घेतात. 2001 च्या भूजच्या भूकंपात केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत अशाच इमारती कोसळल्या. तेव्हा ‘कोयना लांब आहे’ हा युक्तिवाद फार टिकत नाही. शिवाय वारणेचे धरण भरू लागल्यावर, 1993 पासून, धक्क्यांचा पट्टा दक्षिणेकडे, म्हणजे आपल्याच बाजूला, सरकलेला आहे.

आयएस 13920 हे भूकंपासाठी सळया कशा बांधायच्या ते सांगणारे मानक कॉलमच्या टोकांना सळ्यांभोवतीच्या रिंगा जवळजवळ बांधायला आणि त्यांचे हूक 135 अंशांत आत वळवायला सांगते. साइटवर हूक काटकोनात सोडणे सोपे पडते. काँक्रीट ओतल्यावर ते कुणालाच दिसत नाही, त्यामुळे तपासायचे तर स्लॅबच्या आदल्या दिवशी नव्हे, कॉलमची पेटी (काँक्रीट ओतायचा साचा) लावण्याआधी.