सप्टेंबरमधलं दुसरं दार: ऑस्ट्रेलियन फिगर स्केटिंग आणि ऑलिंपिकची पात्रता

ऑस्ट्रेलियाचा फिगर स्केटर हिवाळी ऑलिंपिकला जाणार की नाही, याचा निकाल बहुतेक वेळा चार-साडेचार महिने आधी, सप्टेंबर संपता संपता लागतो. २००९, २०१३, २०१७ आणि २०२१ या चारही वर्षी तो लागला जर्मनीत, आल्प्सच्या कुशीतल्या ओबरस्टडॉर्फ या छोट्या गावी, नेबलहॉर्न ट्रॉफी स्पर्धेत. असं का होतं, ते समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं.

हिवाळ्यात तळी गोठली की पोरं त्यावर घसरायला पळतात, अशी परंपरा ऑस्ट्रेलियात नाही. १९०४ साली ॲडलेडमध्ये देशातली पहिली कृत्रिम बर्फाची रिंक सुरू झाली, १९०६ मध्ये मेलबर्नला आणि १९०७ मध्ये सिडनीला. ॲडलेड आणि मेलबर्नच्या रिंकमागे हेन्री न्यूमन रीड हा शीतकरणातला जाणकार होता. म्हणजे पहिल्या दिवसापासून इथे बर्फ म्हणजे यंत्र, वीज आणि तासाचं भाडं. आजही एकच रिंक आइस हॉकीवाले, हौशी गर्दी आणि फिगर स्केटर वाटून घेतात. हॉकीला कडक बर्फ लागतो, साधारण उणे ५ ते ६ अंशांचा. फिगर स्केटरला उणे ३ ते ४ अंशांचा थोडा मऊ बर्फ हवा असतो, कारण उडी उतरताना पात्याच्या कडेला त्यात पकड मिळते. वेळापत्रक आणि बर्फ या दोन्हींत तडजोड करतच सराव चालतो.

१९५२ च्या ओस्लो ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाचे फिगर स्केटर पहिल्यांदा उतरले. ॲड्रियन स्वान पुरुषांत दहावा आला. त्या काळी आजच्यासारखी पात्रतेची चाळणी नव्हती. पन्नास वर्षांनी, २००२ मध्ये, चीनमधून आलेला अँथनी लिऊही सॉल्ट लेक सिटीत दहावाच आला, पण एव्हाना तिथवर पोहोचणंच अवघड झालं होतं.

आता जागा मोजून मिळतात, आणि त्या मिळतात देशाला. २०१८ च्या ऑलिंपिकसाठी एकेरीत पुरुष आणि महिला प्रत्येकी ३० जागा होत्या. त्यांपैकी २४ आदल्या वर्षीच्या जागतिक अजिंक्यपदाच्या क्रमांकांवर ठरल्या. तिथे देशाचा एकच स्केटर उतरला असेल, तर तो पहिल्या दोनात आल्यास तीन जागा, तिसऱ्या ते दहाव्या क्रमांकावर दोन, आणि त्याखाली जागा उरतील तोवर एकेक. मोठे देश दोन-दोन, तीन-तीन घेऊन जातात; उरलेल्यांसाठी लहान देशांची झुंज. उरलेल्या ६ जागांचं दुसरं दार ओबरस्टडॉर्फला, आणि त्या जागाही फक्त त्या प्रकारात हात रिकामे राहिलेल्या देशांना.

मार्च-एप्रिल २०१७ मध्ये हेलसिंकीतल्या जागतिक अजिंक्यपदात ऑस्ट्रेलियाचा ब्रेंडन केरी पंधरावा आला आणि पुरुषांची जागा तिथेच पक्की झाली. महिलांत कैलानी क्रेन आणि पेअर्समधली (स्त्री-पुरुष जोडीने खेळायच्या प्रकारातली) एकातेरिना अलेक्झांड्रोव्स्काया–हार्ली विंडसर ही जोडी यांना सप्टेंबरची वाट धरावी लागली. क्रेनने तिथे थेट सुवर्णपदक जिंकलं, जोडीनेही पेअर्सच्या ४ जागांपैकी एक मिळवली. हे सोपं नव्हतं. स्केटिंगचा हंगाम १ जुलैला सुरू होतो, बहुतेक जण सप्टेंबरमध्ये नवे प्रोग्रॅम, म्हणजे संगीतावरची सादरीकरणं, अजून बसवतच असतात. ऑस्ट्रेलियाची राष्ट्रीय स्पर्धा तर वर्षाच्या अखेरीस येते. त्यात सिडनी आणि जर्मनीच्या घड्याळांत तेव्हा आठ तासांचा फरक. शरीर दिवसाला साधारण एक तास जुळवून घेतं, म्हणजे आठवडाभर आधी पोहोचायला हवं, आणि तेवढे दिवस परक्या रिंकवर सरावाचे तास विकत घ्यायला हवेत.

त्याच्याही आधीची पायरी म्हणजे किमान तांत्रिक गुण. जागतिक स्पर्धा असो की ऑलिंपिक, शॉर्ट प्रोग्रॅम (छोटी फेरी) आणि फ्री स्केटिंग (लांब फेरी) दोन्हींत ठरावीक तांत्रिक गुण मान्यताप्राप्त आंतरराष्ट्रीय स्पर्धेत मिळवलेले असावे लागतात. सादरीकरणाचे गुण इथे कामाला येत नाहीत. ट्रिपल लुट्झ या तीन फेऱ्यांच्या उडीचं मूळ मोल ५.९० गुण आहे. गिरकी पाव फेरीहून जास्त कमी पडली, तर ते ४.७२ वर येतं. अर्धी फेरी कमी पडली, तर उडी डबल, म्हणजे दोन फेऱ्यांची, धरली जाते आणि मोल उरतं २.१०. वर पडलात तर त्याचेही निम्मे जातात. अशा एका उडीवर किमान गुण हुकतात, आणि पुढची मान्यताप्राप्त स्पर्धा पुन्हा समुद्रापार. युरोपातला स्केटर पुढच्या आठवड्यात रेल्वेने दुसरीकडे जाऊन प्रयत्न करतो. सिडनीच्या कुटुंबाला नव्याने विमानभाडं काढावं लागतं. माझ्या मते ऑस्ट्रेलियाची गुणवत्ता सर्वात जास्त इथेच गळते.

पेअर्सची अडचण आणखी वेगळी. विंडसर पश्चिम सिडनीचा. त्याला देशात जोडीदारच मिळेना, म्हणून प्रशिक्षकांनी मॉस्कोत शोध घेतला. जमलेल्या जोडीने मार्च २०१७ मध्ये कनिष्ठ जागतिक अजिंक्यपद जिंकलं, फिगर स्केटिंगमधलं ऑस्ट्रेलियाचं पहिलंच. आंतरराष्ट्रीय स्केटिंग महासंघाच्या स्पर्धांत जोडीतल्या एकाचं नागरिकत्व पुरतं. ऑलिंपिकला मात्र दोघांकडे त्याच देशाचं नागरिकत्व लागतं. अलेक्झांड्रोव्स्कायाला ते २०१७ च्या अखेरीस मिळालं, ऑलिंपिकला जेमतेम काही महिने उरले असताना. प्योंगचांगमध्ये ही जोडी अठरावी आली, आणि विंडसर हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतरलेला पहिला आदिवासी ऑस्ट्रेलियन ठरला. अलेक्झांड्रोव्स्काया २०२० मध्ये, विशीतच, जगातून गेली. या जोडीबद्दल लिहिताना हात थांबतोच.

२०२६ च्या मिलानो-कोर्तिना ऑलिंपिकसाठी हे दुसरं दार आणखी अरुंद झालं: एकेरीत ५ जागा, पेअर्समध्ये ३, आइस डान्स या जोडीनृत्याच्या प्रकारात ४. बंदीनंतर देशाच्या नावाविना, तटस्थ म्हणून परतलेल्या रशियन एकेरी स्केटरनाही याच दारातून यायचं होतं, आणि पुरुष-महिला दोन्हींत एकेक जागा त्यांनी नेली. मात्र सप्टेंबर २०२५ ची ही स्पर्धा ओबरस्टडॉर्फला नव्हती, ती बीजिंगला झाली. सिडनीच्या घड्याळाहून फक्त दोन तास मागे.