‘नळ आलेत’ हे पुण्याला कसं कळणार?

सोलापुरात पाणी रोज येत नाही. चार-पाच दिवसांआड येतं, आणि येतं त्या दिवशी घरात जो कोणी असेल त्याला हातातलं काम टाकून उठावं लागतं. जुळे सोलापुरात वरच्या खोलीत लॅपटॉप मांडून पुण्याच्या कंपनीचं काम करणारी एखादी मुलगी सकाळी अकराच्या मीटिंगमध्ये अचानक कॅमेरा बंद करते आणि वीस मिनिटं गप्प होते, तेव्हा खाली मोटर लावून टाकी भरणं चालू असतं. शेजारच्या अक्कांना हे सांगावं लागत नाही, त्याही त्याच धावपळीत असतात. बाणेरला बसलेल्या तिच्या मॅनेजरला मात्र पडद्यावर नुसता काळा चौकोन दिसतो. तो मनातल्या मनात नोंद करून टाकतो, हिचं कामात लक्ष नसतं.

मॅनेजर काही दुष्ट नसतो. त्याचं हे असं का होतं, यावर चांगला अभ्यास झालेला आहे. कॅथरीन क्रॅम्टन या संशोधिकेने २००१ साली विद्यार्थ्यांच्या १३ गटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गटातली मुलं वेगवेगळ्या गावांत आणि देशांत होती, एकमेकांना न भेटता त्यांनी एक प्रकल्प पुरा करायचा होता. त्यांच्यातली भांडणं तपासताना क्रॅम्टनना दिसलं की मुळात मतभेद थोडे होते. एकाच्या गावी सुट्टी आहे, दुसऱ्याची परीक्षा चालू आहे, तिसऱ्याला मेल मिळालेलाच नाही, हे इतरांना ठाऊक नव्हतं एवढंच. सगळ्यात गोंधळ घातला होता गप्प बसण्याने. उत्तर आलं नाही याचा अर्थ मान्य आहे, मान्य नाही, गावाला गेलाय, की वाचलंच नाही? समोर माणूस असता तर चेहऱ्यावरून कळलं असतं. दुरून प्रत्येकाने आपापला अर्थ लावला, आणि तो बहुतेक वेळा परिस्थितीवर न जाता माणसाच्या स्वभावावर गेला. आळशी आहे, बेजबाबदार आहे, वगैरे. दुसऱ्याच्या वागण्याचं कारण त्याच्या स्वभावात शोधायची आपली ही खोड मानसशास्त्राला जुनीच माहीत आहे. अंतर तिला खतपाणी घालतं.

दूर बसून चालणाऱ्या टीमबद्दल वाद होतो तो बहुतेक ‘लोक घरून काम करतात की झोपा काढतात’ एवढ्यावर. मला हा प्रश्न दुय्यम वाटतो. अंतर वाढलं की सगळ्यात आधी आटतं ते न विचारता कळणं, आणि कंपनीची संस्कृती म्हणून जे काही असतं ते बरंचसं याच वाटेने एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातं.

आणि त्यासाठी अंतर अडीचशे किलोमीटर असावं लागत नाही. अमेरिकेतल्या एमआयटीचे थॉमस ॲलन यांनी संशोधन प्रयोगशाळांमधले इंजिनिअर एकमेकांशी किती वेळा कामाचं बोलतात, हे त्यांच्या टेबलांमधल्या अंतराशी ताडून पाहिलं. १९७७ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकातला आलेख आज ‘ॲलन वक्र’ म्हणून ओळखला जातो. टेबलं लांब गेली की बोलणं झपाट्याने घसरतं, आणि साधारण ५० मीटरच्या पुढे ते इतकं कमी होतं की माणूस पलीकडच्या विंगेत आहे की दुसऱ्या गावात, याने फारसा फरक पडत नाही. पुढे ई-मेल आला, मोबाइल आला, तेव्हा हा नियम मोडीत निघेल असं वाटलं होतं. तसं झालं नाही. ज्याला आपण रोज पाहतो त्यालाच आपण फोनही जास्त करतो.

करोनाच्या टाळेबंदीने याची मोठी चाचणीच घेतली. मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतल्या ६१ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांचे २०२० च्या पहिल्या सहामाहीतले ई-मेल, चॅट, कॉल आणि मीटिंगा यांचा नकाशा संशोधकांनी मांडला. मजकूर वाचला नाही, कोण कोणाशी बोललं एवढंच पाहिलं. सगळे घरी गेल्यावर आपल्या टीममधलं बोलणं घट्ट झालं, पण टीमबाहेरच्या लोकांबरोबर जाणारा वेळ सुमारे २५ टक्क्यांनी घटला. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ सालीच दाखवून दिलं होतं की नोकरीसारखी नवी माहिती जवळच्या मित्रांपेक्षा जुजबी ओळखीच्या लोकांकडून जास्त येते, कारण जवळच्यांना जे माहीत असतं ते आपल्यालाही असतंच. दूरस्थ कामात नेमकी ही जुजबी ओळख आधी मरते. अकाउंट्समधल्या माणसाशी चहाच्या टपरीवर होणाऱ्या बोलण्याची कोणी कॅलेंडरवर वेळ ठरवत नाही.

त्यात पडद्यावरचं बोलणंही साध्या बोलण्यासारखं चालत नाही. जगातल्या दहा वेगवेगळ्या भाषांची तुलना केली तेव्हा एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू होण्यातलं अंतर सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास भरलं. सेकंदाचा पाचवा भाग! म्हणजे समोरच्याचं वाक्य संपायच्या आतच आपलं उत्तर तयार होत असतं. इंटरनेटने यात थोडी जरी भर घातली तरी लय तुटते, दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात. २०१४ सालच्या एका जर्मन अभ्यासात कॉलमध्ये मुद्दाम सव्वा सेकंदाच्या आसपासचा उशीर घातला, तर लोकांनी दोष लाइनला न देता समोरच्या माणसाला दिला. तो कमी लक्ष देणारा, कमी मनमिळाऊ वाटला. तेव्हा गावाकडून जोडलेला माणूस मीटिंगमध्ये ‘थंड’ वाटत असेल, तर त्याचा वायफाय आधी तपासावा.

लिहिण्यात वेगळाच सापळा आहे. रात्री नऊला मॅनेजर लिहितो, ‘उद्या बोलू.’ त्याच्या डोक्यात असतं की आता उशीर झालाय, जेव, झोप, सकाळी पाहू. वाचणाऱ्याला त्या दोन शब्दांत पगारकपातीपासून राजीनाम्यापर्यंत सगळं दिसतं आणि झोप उडते. २००५ साली जस्टिन क्रूगर आणि सहकाऱ्यांनी याचा प्रयोग केला. सहभागी लोकांनी काही वाक्यं मनापासून आणि काही उपरोधाने पाठवायची, वाचणाऱ्याने ती ओळखायची. ७८ टक्के वेळा आपला रोख कळेल अशी पाठवणाऱ्यांची खात्री होती. आवाज ऐकवला तेव्हा ७३ टक्के वेळा कळला. ई-मेलवर फक्त ५६ टक्के, म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा किंचित बरं. लिहिताना आपल्याला स्वतःचा आवाज मनात ऐकू येत असतो, आणि तो पलीकडे पोहोचलाच असं आपण धरून चालतो.

आता उत्पादकतेचं काय? यावर दोन प्रयोग शेजारी ठेवून वाचले की बरंच काही उलगडतं. चीनमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीच्या शांघाय कॉल सेंटरमध्ये २०१० च्या अखेरीपासून नऊ महिने काही कर्मचाऱ्यांना चिठ्ठी टाकून घरी आणि काहींना ऑफिसात ठेवलं. घरी ठेवलेल्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं आणि नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. घरून काम करा म्हणणारे हा आकडा पाठ म्हणून दाखवतात. उलट चेन्नईत डेटा एंट्रीच्या कामावर नव्याने घेतलेल्या लोकांना असंच चिठ्ठीने वाटलं, तर घरी बसलेल्यांचं काम ऑफिसवाल्यांपेक्षा १८ टक्क्यांनी कमी भरलं. त्यातला दोन तृतीयांश फरक पहिल्याच दिवसापासून होता. उरलेला हळूहळू पडला, कारण ऑफिसातले लोक लवकर शिकत गेले.

शांघायमध्ये घरी पाठवलेले लोक किमान सहा महिने त्याच कामावर मुरलेले होते, आणि स्वतंत्र खोली व ब्रॉडबँड असलेल्यांनाच घेतलं होतं. चेन्नईचे लोक नवे होते. माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. काम येत असेल आणि दार लावून बसायला जागा असेल तर घर चांगलं. काम शिकायचं असेल तर घर महागात पडतं. चेन्नईच्या प्रयोगात आणखी एक टोचणारी गोष्ट निघाली. ज्यांना घरूनच काम हवं होतं त्यांचंच घरी जास्त नुकसान झालं, २७ टक्के. ज्यांना ऑफिस आवडत होतं त्यांचं १३ टक्के. लहान मुलं, घरातली आजारी माणसं, बेताची परिस्थिती यांमुळे जे बाहेर पडू शकत नाहीत तेच घर मागतात, आणि त्याच घरात काम करणं त्यांना अवघड जातं. होटगी रोडवरच्या बंगल्यात बसलेल्या सॉफ्टवेअरवाल्याला हे लागू नाही. दोन खोल्यांत सासू, दोन मुलं आणि लॅपटॉप सांभाळणारीला आहे.

खरं तर घरून काम ही सोलापूरला कोणी शिकवावी अशी गोष्ट नाही. पूर्व भागातल्या हजारो बायका कित्येक दशकं विडी घरीच वळत आल्या आहेत. कारखान्याच्या ब्रँचमधून तेंदूची पानं आणि तंबाखू मोजून आणायचा, पानं भिजवून पत्र्याच्या मापावर कात्रीने कापायची, मांडीवरच्या सुपात तंबाखू घेऊन वळायची, दोऱ्याने बांधायची, आणि माल परत ब्रँचला नेऊन द्यायचा. हजारामागे मजुरी. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्यात घरी बसून काम करणाऱ्यांनाही कामगार धरलं होतं. कष्टाचं, तब्येत खाणारं काम आहे, त्याचं कौतुक करायचं कारण नाही. पण दूरस्थ कामाच्या अभ्यासकाने ते पाहावं असं आहे.

ही व्यवस्था टिकली, कारण विडी मोजता येते आणि तिची प्रत तिथल्या तिथे डोळ्यांना दिसते. चूक झाली तर माल परत हातात पडतो, सहा महिन्यांनी अप्रेझलमध्ये नाही. आणि कामगार घरी असली तरी ब्रँच ही जागा होती. माल देताना रांगेत उभं राहावं लागायचं, तिथे पान कुठल्या ब्रँचला बरं मिळतंय, माल कोण जास्त छाटतंय, कुणाच्या घरी काय चाललंय, हे सगळं तेलुगू-मराठी-कन्नडमधून फिरायचं. नेमून न दिलेलं बोलणं तिथे व्हायचं. विडी कामगार महिलांची युनियन आणि कुंभारीजवळची त्यांची दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत ही एकेकट्या घरात बसून झालेली कामं नव्हेत.

सॉफ्टवेअर, डिझाइन, हिशेब, भाषांतर या कामांत मोजणी एवढी सोपी नाही आणि ब्रँचही नाही. मग कंपन्या काय करतात? शुक्रवारी ऑनलाइन अंताक्षरी ठेवतात, कुरिअरने टी-शर्ट पाठवतात. अंताक्षरीला माझा विरोध नाही, पण भरवसाही नाही. २०२० साली एका मोठ्या कंपनीतल्या इंटर्न मुलांवर प्रयोग झाला. काहींना वरिष्ठ अधिकाऱ्यांशी ऑनलाइन अघळपघळ गप्पा मारायची संधी दिली. त्यांना कामात जास्त गुण मिळाले आणि कायमच्या नोकरीचे प्रस्तावही जास्त आले. गप्पांचा विषय काय होता यापेक्षा त्या कोणाशी झाल्या, याला वजन होतं. नव्या मुलाला महिन्यातून दोनदा जुन्या, मुरलेल्या माणसाबरोबर अर्धा तास बिनकामाचा द्या. अंताक्षरीपेक्षा स्वस्त पडतं.

दुसरं म्हणजे जे न विचारता कळत होतं ते आता लिहून ठेवावं लागणार. गिटलॅब ही सॉफ्टवेअर कंपनी पूर्णपणे दूरस्थ चालते आणि तिची कामाची नियमपुस्तिका, दोन हजारांहून अधिक पानांची, इंटरनेटवर कोणालाही वाचायला खुली आहे. दहा-बारा जणांच्या टीमला एवढं नको. निर्णय कोणी घेतला, का घेतला, एवढं एका जागी असलं तरी पुरे. त्याच जागी प्रत्येकाच्या गावाचं एक पान असावं. पाणी कोणत्या वेळी येतं, वीज कधी जाते, संक्रांतीच्या सुमाराला सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते आणि भोगीला अक्षता सोहळ्याच्या दिवशी सोलापूरचा माणूस नंदीध्वजांमागे असतो, त्या दिवशी रिलीज, म्हणजे नवं सॉफ्टवेअर बाहेर काढणं, ठेवू नका. गणपतीच्या विसर्जनाला पुण्यात कोणी रिलीज ठेवत नाही, कारण पुण्याचं पान सगळ्यांना पाठ असतं.

तिसरं, पाच जण ऑफिसच्या खोलीत आणि एक जण भिंतीवरच्या टीव्हीत, ही बैठक टाळावी. एक दूर असेल तर सगळ्यांनी आपापल्या लॅपटॉपवरून जोडावं. अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरांचा अभ्यास सांगतो की टीम एकाच इमारतीत बसली की एकमेकांच्या कोडवर मिळणारे शेरे वाढतात, आणि त्याचा सगळ्यात जास्त फायदा नव्यांना होतो. जुन्यांचा मात्र स्वतःच्या कामातला वेळ त्यात जातो. शिकवणं फुकट नसतं, हे कंपनीने हिशेबात धरलं पाहिजे.

अधूनमधून प्रत्यक्ष भेट लागतेच. सीट्रिपच्याच पुढच्या प्रयोगात, जो २०२४ साली प्रसिद्ध झाला, १,६१२ पदवीधर कर्मचाऱ्यांपैकी निम्म्यांना आठवड्यातले दोन दिवस घरून काम दिलं. कामाच्या गुणांत फरक पडला नाही, आणि नोकरी सोडणं एक तृतीयांशाने कमी झालं. सोलापूरहून पुण्याला आठवड्यातून तीन दिवस जाणं कोणाला शक्य नाही. पण नोकरीचे पहिले तीन-चार आठवडे तिथे काढणं, आणि पुढे दोन-तीन महिन्यांतून एकदा सकाळची हुतात्मा एक्सप्रेस धरणं जमण्यासारखं आहे, भाडं आणि राहणं कंपनीने दिलं तर.

एक गोष्ट मात्र या भेटींनीही सुटत नाही. शांघायच्या पहिल्या प्रयोगात घरून काम करणाऱ्यांना, तेवढ्याच कामगिरीच्या ऑफिसवाल्यांच्या तुलनेत, बढती मिळण्याचं प्रमाण कमी होतं. नऊ महिने संपल्यावर त्यांना निवड दिली, तेव्हा एकटेपणाला कंटाळून बरेच जण आपणहून ऑफिसात परतले. त्यांचं ऑफिस त्याच शहरात होतं. सोलापूरच्या मुलीला परतायचं म्हणजे पुण्यात खोली भाड्याने घ्यावी लागते. तेव्हा बढतीचे निकष वर्षाच्या सुरुवातीला लेखी द्या आणि वर्षअखेरीला दूरच्यांची व जवळच्यांची यादी शेजारी ठेवून तपासा, एवढी मागणी तिने मुलाखतीतच करून ठेवायला हरकत नाही.