काउंटीच्या विमेन्स हॉल ऑफ फेमसाठी नाव कसं सुचवायचं?

अमेरिकेत विमेन्स हॉल ऑफ फेम, म्हणजे कर्तबगार स्त्रियांचा सन्मान करणारं दालन, म्हटलं की आधी आठवतं ते न्यूयॉर्क राज्यातल्या सेनेका फॉल्सचं राष्ट्रीय दालन. 1848 मध्ये ज्या गावात स्त्रियांच्या हक्कांची परिषद भरली, तिथेच ते 1969 मध्ये सुरू झालं. पण राज्यांची आणि काउंट्यांचीही (काउंटी म्हणजे राज्यातला जिल्ह्यासारखा भाग) स्वतःची दालनं आहेत. आयोवाचं 1975 पासून, मिशिगनचं 1983 पासून, तर कॅलिफोर्नियातल्या अलमीडा काउंटीचं 1993 पासून. गाजलेलं नाव नसलं तरी चालतं ते इथे. शिवाय समितीवरची माणसं त्याच भागातली असल्यामुळे काम कुठल्या वस्तीतलं, कशासाठी केलेलं, हे त्यांना फार समजावून सांगावं लागत नाही.

बहुतेक ठिकाणी हा अर्ज नसतो, नामांकन असतं, म्हणजे दुसऱ्या कुणीतरी आपलं नाव पाठवायचं. स्वतःच स्वतःचं नाव पाठवलेलं काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी नाही.

पात्रता

राष्ट्रीय दालनासाठी अमेरिकेचं नागरिकत्व लागतं, जन्मानं मिळालेलं असो वा नॅचरलायझेशननं, म्हणजे नंतर रीतसर घेतलेलं. कामाचा परिणामही देशपातळीवरचा किंवा जागतिक असावा लागतो. 2021 च्या यादीत मिशेल ओबामा आणि इंद्रा नूयी होत्या, यावरून अंदाज येईल. काउंटीत साधारणपणे एवढंच पाहतात की बाई तिथे राहते का, तिथे नोकरी-व्यवसाय करते का, किंवा तिचं काम त्या भागाच्या उपयोगी पडलं का. ग्रीन कार्डवर असलेल्यांनी आधीच माघार घेऊ नये, त्या वर्षीची नियमावली वाचावी. निवड समितीचे सदस्य आणि पदावर असलेले लोकप्रतिनिधी अनेकदा वगळलेले असतात. दिवंगत स्त्रियांचं नाव काही दालनं घेतात, काही घेत नाहीत.

शिक्षण, आरोग्य, विज्ञान, कला, समाजसेवा, क्रीडा असे विभाग असतात. दोन विभागांत बसेल अशी बाई असली तरी एकच निवडा, आणि जिथे पुरावा भक्कम आहे तोच निवडा.

कागदपत्रं

नामांकनाचा फॉर्म, निवेदन, दोन-तीन शिफारसपत्रं, रेझ्युमे, फोटो आणि असतील तर बातम्यांची कात्रणं. कात्रण मराठी असेल तर नुसतं जोडून उपयोग नाही. वर्तमानपत्राचं नाव, तारीख आणि मजकुराचं इंग्रजी भाषांतर सोबत द्या.

खरी मेहनत निवेदनाची. समितीपुढे ती बाई बसलेली नसते, कागद असतो. मी पहिल्यांदा असं निवेदन लिहिलं तेव्हा सुरुवात तिच्या शाळेपासून केली आणि शब्दमर्यादा संपली तेव्हा ती जेमतेम विमानात बसली होती! ‘त्या अत्यंत तळमळीच्या समाजसेविका आहेत’ हे वाक्य कुणालाही लावता येतं. त्याऐवजी असं लिहा: ‘इंग्रजी न येणाऱ्या आजी-आजोबांसोबत त्या दर मंगळवारी दवाखान्यात दुभाषी म्हणून जातात. हे अकरा वर्षं चालू आहे आणि आता त्यांनी तयार केलेले सहा जण हेच काम करतात.’ यात स्तुतीचं एकही विशेषण नाही, पण काम, किती काळ केलं आणि त्यातून काय उभं राहिलं, हे तिन्ही आलं. आकडे मात्र जपून द्या. ज्याला कागद किंवा माणूस साक्ष देईल तेवढाच आकडा लिहायचा.

शिफारसपत्रं नवरा, बहीण आणि मैत्रीण यांची नकोत. एक पत्र ज्यांच्यासाठी काम झालं त्यांच्यापैकी कुणाचं, एक सोबत काम करणाऱ्याचं. आणि दोघांनी तीच गोष्ट पुन्हा सांगू नये. मोठ्या पदावरच्या माणसाचं तीन ओळींचं गुळमुळीत पत्र मिळवण्यासाठी महिनाभर खेटे घालण्यात अर्थ नाही.

तिला सरप्राइज द्यायचा मोहही आवरा. फोटो, जन्मवर्ष, नोकरीच्या तारखा तिच्याकडूनच घ्याव्या लागतात, आणि काही फॉर्मवर तिची संमती मागतात.

वेळापत्रक

मार्च हा अमेरिकेत स्त्री-इतिहासाचा महिना. त्याची सुरुवात 1978 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सोनोमा काउंटीत एका आठवड्याच्या उपक्रमानं झाली आणि 1987 मध्ये काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, पूर्ण महिना जाहीर केला. म्हणून बरेच सोहळे मार्चच्या आसपास ठेवतात आणि नामांकनं काही महिने आधीच बंद होतात. फेब्रुवारीत जाग आली तर ते वर्ष गेलंच समजा. फॉर्म काउंटीच्या कमिशन ऑन द स्टेटस ऑफ विमेनकडे (स्त्रियांच्या प्रश्नांसाठीचा आयोग) किंवा सोहळा भरवणाऱ्या संस्थेकडे मिळतो. फॉर्म भरायला सहसा फी नसते. सोहळ्याच्या भोजनाला मात्र बऱ्याचदा तिकीट असतं, तेव्हा सत्कारमूर्तीसोबत किती जणांना मोफत प्रवेश आहे ते निवड झाल्यावर लगेच विचारा.

निवड झाली नाही तर तेच नामांकन पुढच्या वर्षी आपोआप धरतात की नव्यानं भरावं लागतं, हेही विचारून ठेवा. नव्यानं भरायचं असेल तर जुनी पत्रं तशीच पाठवू नका, वर्षभरात झालेल्या कामाची भर घालून आणि नवी तारीख टाकून मागून घ्या.