जुना मिनी रोटाव्हेटर: घेताना, दुरुस्त करताना, चालवताना

रोटाव्हेटर म्हणजे ट्रॅक्टरमागे जोडून फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारे यंत्र. जुना रोटाव्हेटर विकायला निघाला की आधी त्याला रंग लागतो. रंगावर जाऊ नका, ऑइल बघा. विकणाऱ्यासमोरच गिअरबॉक्सचा खालचा नट सैल करून थोडे ऑइल बोटावर घ्या. दुधाळ दिसले तर आत पाणी गेले आहे. चोळल्यावर चमकणारा कीस हाताला लागला तर गिअरचे दात किंवा बेअरिंग झिजते आहे. नट उघडूच देत नसेल, तर काय ते समजा.

मग ट्रॅक्टर बंद करून, पीटीओ शाफ्ट (ट्रॅक्टरची ताकद यंत्राला देणारा फिरता दांडा) सोडून, यंत्र भक्कम ठोकळ्यांवर ठेवा. नुसत्या हायड्रॉलिकवर उचललेल्या यंत्राखाली हात घालू नका. रोटर (पाती बसवलेला फिरता पाइप) दोन्ही बाजूंनी वर-खाली हलवून बघा. हलला तर बेअरिंग गेले. हाताने फिरवताना मध्येच लचकत असेल तर पाइप वाकला आहे. पाती, सील, बेअरिंग, बोल्ट यांचे काही नाही, सगळे बदलता येते. वाकलेला रोटर आणि तडा गेलेले गिअरबॉक्सचे कास्टिंग मात्र खर्चाची बाब आहे. तिथे सौदा सोडलेला बरा. तडा वेल्डिंगने भरून देणारे भेटतील. आमच्या वर्कशॉपमध्ये आम्ही ते काम घेत नाही, कारण बेअरिंग बसते ती जागा तापून वाकडी होते आणि नवे बेअरिंगही टिकत नाही.

द्राक्षबागेतल्या यंत्रांचे एक खास दुखणे आहे. तार, सुतळी, ड्रिपच्या नळीचे तुकडे रोटरच्या टोकाला गुंडाळले जातात आणि ऑइल सील कापतात. सील गळते, ऑइल संपते, माती आत जाते, आणि शेतकरी म्हणतो, गिअरबॉक्स अचानक गेला. दिवसाचे काम संपले की इंजिन बंद करून, चावी खिशात घालून दोन्ही टोके साफ करा. सील वारंवार उडत असेल तर गिअरबॉक्सच्या ब्रीदरचे, म्हणजे आतली हवा बाहेर जाण्याचे, भोकही तपासा. ते मातीने बुजले की आतली गरम हवा सीलमधूनच वाट काढते.

साखळीवर चालणाऱ्या जुन्या यंत्रात साखळी आणि स्प्रॉकेट एकत्रच बदलावे लागते. झिजलेल्या दातांवर नवी साखळी टिकत नाही.

पात्यांबद्दल थोडे सविस्तर. ऑस्ट्रेलियातल्या आर्थर क्लिफर्ड हॉवर्डने १९१२ मध्ये फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करण्याचे प्रयोग सुरू केले. त्याची सुरुवातीची यंत्रे माती बाजूला फेकायची. मग त्याने एल आकाराची पाती लांब-लांब बसवलेल्या फ्लँजवर (रोटरवरच्या चकत्यांवर) लावली, तेव्हा काम जमले. आजही रचना तीच आहे: निम्मी पाती डावी, निम्मी उजवी, आणि सगळी मिळून रोटरभोवती नागमोडी ओळीत, म्हणजे जमिनीत एकेक करून घुसतात. डाव्या जागी उजवे लागले की यंत्र उड्या मारते, रानात पट्टे राहतात. काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. धारेची बाजू आधी जमिनीला लागली पाहिजे. रुंदी निम्म्यावर आली की पाते बदला. गॅसने तापवून किंवा तुकडा जोडून वाढवलेले पाते एक तर मऊ पडते, नाही तर दगडाला लागून तुटते आणि मागे उडते. बोल्ट हाय टेन्साइलच (जास्त ताण सोसणारे) वापरा आणि पहिल्या तासाभरानंतर पुन्हा आवळा.

शिअर बोल्ट याच्या अगदी उलट. तो तुटण्यासाठीच असतो. वैतागून तिथे कडक बोल्ट घातला की पुढच्या दगडाला गिअर तुटतो.

बरीच जुनी यंत्रे मिनिटाला ५४० फेऱ्यांच्या पीटीओसाठी बनलेली आहेत. काही मिनी ट्रॅक्टरांना पीटीओचे दोन वेग असतात. लिव्हर कुठे आहे ते बघूनच चालू करा. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे यॉक (सांध्याचे दुबेळके) एका रेषेत हवेत, नाही तर थरथर होते आणि सांध्यातला क्रॉस जातो. बांधावर वळताना यंत्र उचलण्याआधी पीटीओ बंद करा. शाफ्टवरचे प्लास्टिकचे कव्हर तुटले असेल तर आम्ही नवे घालूनच यंत्र देतो, यावर घासाघीस नको. धोतराचा सोगा, उपरणे, साडीचा पदर शाफ्टमध्ये ओढला जायला क्षण पुरतो. यंत्र चालू असताना मागे कोणी उभे राहू नये.

रानात वाफसा येऊ द्या. मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटला तर चाला, चिकटून राहिला तर थांबा. ओल्या काळ्या जमिनीत रोटाव्हेटर घातला की वर माती छान दिसते, पण पात्यांखाली घट्ट थर बसतो आणि पाणी मुरत नाही. चार-पाच इंच खोली पुरे. कांद्याच्या वाफ्याला मागचा पत्रा खाली ठेवा, बाकी ठिकाणी थोडा वर. पीठ झालेली माती पहिल्या पावसात पापडी धरते. हरळी किंवा लव्हाळ्याच्या रानात आधी काशा (जमिनीखालची खोडे) आणि गाठी वेचून काढा. हरळीच्या काशीचे जितके तुकडे कराल, तितक्या ठिकाणी ती पुन्हा फुटेल. बागेत खोडापासून लांब राहा, अन्नमुळ्या वरच्याच थरात असतात.

दुरुस्तीला येताना पीटीओ शाफ्ट सोबत आणा आणि ट्रॅक्टरचे मॉडेल सांगा. शाफ्टची लांबी त्याशिवाय जुळवता येत नाही. बदललेले जुने भाग गोणीत भरून परत देतो. ते बघून घ्या, मगच पैसे द्या.