पायांनी पानाची चव घेणारी आई

गेल्या आठवड्यात घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो फिरला. कढीपत्त्याच्या पानावर तपकिरी-पांढरी अळी आणि खाली इशारा: 'विषारी अळी! चावली की पाच मिनिटांत मृत्यू.' लगेच फवारणीची मागणी झाली.

ही अळी कॉमन मॉर्मन किंवा लाइम बटरफ्लाय या फुलपाखरांची. लहानपणी दोघी सारख्याच दिसतात. ती माणसाला चावत नाही, डंख मारत नाही. पक्ष्याच्या शिटेसारखं तिचं रूप पक्ष्यांना फसवण्यासाठी आहे. फारच डिवचलं तर डोक्यामागून लालसर, दोन टोकांचं शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो, एवढंच तिचं शस्त्र. असले मेसेज पुढे ढकलण्याआधी निदान एकदा झाडाजवळ जाऊन बघावं.

ही दोन्ही फुलपाखरं स्वॅलोटेल कुळातली, २०१५ साली राज्य फुलपाखरू ठरलेल्या राणी पाकोळीची भावकीच. या सगळ्यांच्या अळ्या लिंबू, कढीपत्ता, बेल यांच्या कुळातल्या झाडांवर वाढतात. आपण फुलपाखरं यावीत म्हणून फुलझाडं लावतो, पण मध हे मोठ्यांचं खाणं. अळीला पान लागतं, तेही ठरावीक झाडाचंच. अंडं भलत्या झाडावर पडलं तर अळी उपाशी मरते. सगळी भिस्त आईच्या निवडीवर.

चार दिवसांपूर्वी सकाळी ती निवड मी हातभर अंतरावरून पाहिली. मॉर्मनची मादी ग्रिलमधून आत आली, मोगऱ्यावर टेकली न टेकली तोच उडाली. मग कढीपत्त्याच्या कोवळ्या पालवीवर आली आणि पंख फडफडत ठेवूनच पुढच्या दोन पायांनी पानावर भराभर टपटप केलं, ताशावर काड्या पडाव्यात तसं. मग पोट वाकवलं. ती गेल्यावर पानावर फिकट पिवळं, मोहरीपेक्षा बारीक अंडं होतं.

ते टपटपणं म्हणजे चव घेणं. रंग आणि वास तिला झाडापर्यंत आणतात, पण शेवटचा निकाल पाय देतात. पुढच्या पायांच्या तळाशी सूक्ष्म केस असतात, प्रत्येकाच्या टोकाला छिद्र. पायाच्या माऱ्याने पानातला रस केसांच्या टोकाशी येतो, त्यातले रेणू छिद्रातून आत शिरतात आणि तिथल्या चेतापेशींच्या ग्राहक-प्रथिनांना चिकटतात. कुलपात किल्ली बसावी तसा रेणू बसला की पेशीतून विद्युत-संदेश निघतो. जपानमध्ये मॉर्मनच्याच एका नातलगावर यासंबंधी सुंदर काम झालं. लिंबूवर्गीय पानांत सिनेफ्रिन नावाचं रसायन असतं. ते ओळखणाऱ्या ग्राहकाचं जनुक संशोधकांनी २०११ साली शोधलं. त्या जनुकाचं काम दाबलं, तेव्हा मादीचा सिनेफ्रिनला मिळणारा प्रतिसाद मंदावला. पण सिनेफ्रिन एकटं पुरत नाही. अनेक रसायनांचं मिश्रण पायांना एकदम जाणवावं लागतं, तेव्हाच अंडं घातलं जातं. म्हणजे एक किल्ली नव्हे, किल्ल्यांचा जुडगा.

मॉर्मनच्या काही माद्या मात्र वेगळंच सोंग घेतात, लाल ठिपक्यांच्या कॉमन रोझ फुलपाखरासारख्या दिसतात. रोझची अळी सापसण वेलीवर वाढते आणि तिच्यातलं ॲरिस्टोलोकिक आम्ल अंगात साठवते, म्हणून पक्षी रोझच्या वाटेला जात नाहीत. कढीपत्त्यावर वाढलेल्या मॉर्मनकडे ते विष नाही, नुसता पोशाख आहे. हा पोशाख 'डबलसेक्स' या एकाच जनुकावर ठरतो, हे फुलपाखरांचे अभ्यासक कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवलं. याच सापसणीची मुळी साप चावल्यावर उगाळून पाजतात. तिने विष उतरत नाही, उलट तेच आम्ल मूत्रपिंडं निकामी करतं आणि कर्करोगालाही कारण ठरतं. साप चावला तर थेट सरकारी रुग्णालय गाठावं.

आमच्याकडची फवारणी रविवारी आहे. शनिवारी रात्रीच कुंडी उचलून घरात आणणार आहे. त्या अंड्यातून बाहेर आलेली अळी आज आपल्याच अंड्याचं टरफल खात होती.